मुळ्याच्या डब्यामागची शेवळं

अहो, दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजींनी पिंड ठेवून पाठ फिरवली नाही तोच आला, भातावर एक चोच मारली, आपल्या लेकीने, मेघाने कडेला ठेवलेली उकडलेल्या दुधीची फोड उचलली आणि सुरूच्या झाडावर जाऊन बसला. त्या कावळ्याने जन्मात पहिल्यांदा बिनमिठाचा दुधी खाल्ला असेल. सगळ्यांनी हात जोडले. तुमचा धाकटा भाऊ म्हणाला, "सुटला दादा. काही इच्छा मागे ठेवली नाही त्याने." बाकीच्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. मनात म्हटलं, या मूर्ख पाखराला काय कळतंय! तुमची एक इच्छा राहिली आहे, ती मला माहीत आहे आणि ती मीच राहू दिली आहे. कावळा अडून बसला असता तर चारचौघांत कबूल तरी झाले असते. तेवढीही सोय त्याने ठेवली नाही.

तेराव्याला तुमची रविवारची मंडळी आली. बोर्डीला बंगला बांधलेल्या त्या बाई, डहाणूतले दोन निवृत्त मास्तर, घोलवडचा नर्सरीवाला. बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काकी, सरांनी आम्हाला जेवायला शिकवलं." पन्नाशी उलटलेली बाई, आणि हिला अजून जेवायला कोणी शिकवलं नव्हतं! मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सरांची वही द्याल का आम्हाला? छापून काढू या. शेवटपर्यंत ते नियमाने राहिले, हे लोकांना कळायला हवं." शेवटपर्यंत! मी चहा बघते म्हणून आत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही. वही न्यायला त्या येत्या रविवारी येणार आहेत. आज शुक्रवार आहे. वही माझ्यासमोर आहे, आणि तिच्यात एक ओळ लिहावी की नाही हे ठरत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला बसले आहे.

२०१४ साली तुम्ही तलासरीच्या शाळेतून निवृत्त झालात. जन्मभर पोरांना भूगोल शिकवलात. सरावलीच्या घरात चार दिवस बसल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही, तेव्हा तुमची नजर माझ्या स्वयंपाकघराकडे वळली. मंडळींना तुम्ही सांगायचात, निवृत्तीनंतर आपल्याला आयुर्वेदाचा साक्षात्कार झाला. साक्षात्कार कुठे झाला ते मला माहीत आहे. मूळव्याध झाली होती तुम्हाला. उंबरगावच्या वैद्यांनी अर्ध्या पानावर पथ्य लिहून दिलं: ताक, सुरण, दुधी, पडवळ, मुगाचं कढण, तिखट बंद. वैद्य शहाणा माणूस, त्याचं काम अर्ध्या पानात झालं. तुम्ही त्या अर्ध्या पानाची वही केलीत, वहीचा वर्ग केलात आणि वर्गाला शिष्य जमवलेत. तुमची मूळव्याध सहा महिन्यांत बरी झाली. माझ्यामागे मात्र ती पाच वर्षं लागली.

वही तुम्ही शाळेसारखीच आखली होती. पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे 'नियम', उजवीकडे 'अपवाद'. डावीकडे जागा पुरायची नाही आणि उजवीकडची बाजू कोरी राहायची. पालेभाजी उकडायची, घट्ट पिळायची, पाणी टाकून द्यायचं आणि मग तुपावर परतायची. ग्रंथात तसं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ग्रंथ लिहिणाऱ्याच्या घरी पिळायला कोण होतं, ते ग्रंथात दिलेलं नाही. आपल्या घरी मी होते. ओटीवर सतरंजीवर तुम्ही दोष आणि धातू सांगत असायचात, आत माझी मनगटं हिरवी झालेली असायची. ते पाणी मी कधी टाकलं नाही, हेही आता सांगून टाकते. त्यात मी भाकरीचं पीठ मळायचे. भाकरी मोडून तुम्ही म्हणायचात, "आज भाकरी छान झालीय गं, शाक पिळल्याचा परिणाम." मी म्हणायचे, "असेल."

स्वयंपाकघरातलं एकच काम तुम्ही हाताने केलंत. कोहळा जुना तितका गुणकारी, म्हणून माळ्याच्या वाशाला शिंकी बांधून तुम्ही कोहळे टांगले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर शाईने लिहिलं होतं, कधी उतरवला, कधी कापायचा. अख्ख्या कोहळ्यावर पहिला वार बाईने घालायचा नाही, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे कोहळा कापायचा दिवस आला की तुम्ही अंघोळ करून, विळा घेऊन, मागे सैन्य असल्यासारखे स्वयंपाकघरात शिरायचात. एक वार घातलात की विळा खाली ठेवायचा आणि बाहेर जाऊन वर्तमानपत्र उघडायचं. उरलेला कोहळा सोलणं, किसणं, तुपावर परतणं, साखरेच्या पाकात घालून बरण्या भरणं, हे कोणत्याच रीतीत पुरुषाचं काम नसतं.

आणि मग २०१५ची शेवळं.

शेवळांचं वेड तुमचंच. तुमची आई कासा बाजूची. मृगाच्या आसपास जंगलात जमिनीतून वर येणारे हे जांभळट कोंब ती सोलून, चिरून सुकवायची आणि भादव्यात गणपती गेले की सुकट घालून भाजी करायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तुम्ही ती भाजी तांदळाच्या भाकरीशी तीनदा मागून घेतलीत आणि मला म्हणालात, "शिकून घे आईकडून." मी शिकले. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजून हैराण करतात. त्याच दिवसांत जंगलात काकडं येतात, आवळ्याहून लहान, हिरवी, दात आंबवणारी फळं. त्यांच्या रसाशिवाय शेवळाला हात लावायचा नाही, हे डहाणूतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. न कळणारा एकच माणूस निघाला आणि तो माझ्या वाट्याला आला.

लखमी तुमच्या आईच्या वेळेपासून आपल्याकडे रानातली भाजी घेऊन येते. त्या दिवशी तिने पडवीत टोपली उतरवली. "बाय, शेवळं घेतली तशी काकडंपण घे. नुसती खाऊ नुको, नरडं खाजल."

तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "काकडं नकोत. आंबटाने पित्त वाढतं. शेवळ सुरणाच्या कुळातलं, उकडून पिळलं की दोष निघून जातो."

लखमीने तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर असा काय बोलतो गो?"

"खाजेल हो," मी म्हटलं.

"तू नियमाप्रमाणे कर. रविवारी मंडळी जेवायला आहेत."

मी नियमाप्रमाणे केलं. इथे एक गोष्ट कबूल करते. तुमच्यावर मी कधी आवाज चढवला नाही, म्हणून सगळे मला सोशिक म्हणतात. कसली सोशिक! भांडणाऱ्या बायकोला नवरे पुरून उरतात, पण ऐकणाऱ्या बायकोचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. तुम्ही सांगाल ते मी जसंच्या तसं करायचे आणि काय होतं ते उंबऱ्यात उभी राहून बघायचे.

रविवारी पहिला घास तुम्ही घेतलात. दुसऱ्या घासाला तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. नर्सरीवाला तांब्या तोंडाला लावून बसला. बंगल्याच्या बाई गळ्याला हात लावून म्हणाल्या, "सर, हे आत टोचतंय, ते औषधी आहे का?"

"होय," तुम्ही म्हणालात. "कंठशुद्धी."

अहो, ते लोक लिहून घेत होते! खाजणाऱ्या गळ्याने मान खाली घालून वहीत लिहीत होते, कंठशुद्धी! त्यातल्या एकालाही म्हणवलं नाही की मास्तर, तुमचं चुकलं. मंडळी गेल्यावर तुम्ही आत आलात, चिंचेचा गोळा तोंडात धरलात आणि पाटावर भिंतीकडे तोंड करून बसलात. मी पदर तोंडात धरून उभी होते. त्या दिवशी आपण दोघांनी मिळून हसायला हवं होतं. तुम्ही वळून पाहिलं असतंत तर मी हसले असते, आणि मी आधी हसले असते तर तुम्ही वळला असता. पण तुम्हाला तुमचा नियम मोठा होता, मला माझं खरं ठरणं. चिंच संपल्यावर तुम्ही उठून बाहेर गेलात.

दुसऱ्या दिवशी वहीत नवी ओळ आली: 'शेवळं ताजी खावीत, काकडांसह.' चुकलो, असं कुठेही नाही. मात्र शेवळांचा राग तुम्ही सुकवलेल्या भाजीवर काढलात. खाली लिहिलंत, 'शुष्क शाक वर्ज्य', आणि दोन रेघा मारल्यात. उजवीकडे एकच अपवाद: मुळा. ते वाद आठवतात? तुम्ही म्हणायचात, "वाळलेली भाजी म्हणजे मेलेली भाजी." मी विचारायचे, "आणि मुळा काय जिवंत असतो?" "मुळ्याचं वेगळं आहे. ग्रंथकारांनी तो सोडलाय." "तुमच्या आईने जन्मभर मेलेलं खाऊ घातलं तुम्हाला?" यावर तुम्ही वही मिटून उठायचात आणि मला वाटायचं, जिंकले. दर थंडीत अंगणात दोऱ्यांवर मुळ्याच्या चकत्या लटकायच्या आणि त्या वासाने शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. हा वाद तसाच अर्धा राहिला. मुळ्याचं एवढं काय वेगळं आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

शेवळं मी सुकवतच राहिले. घरी नाही, लखमीकडे. ती चुलीच्या धगीवर वाळवून फडक्यात बांधून आणायची, मी ती एका डब्यात भरून मुळ्याच्या डब्यामागे ठेवायचे. तुम्ही पेन्शनच्या कामाला तलासरीला गेलात की सुकट घालून एकटीपुरती करायचे आणि तुम्ही यायच्या आत दारं-खिडक्या उघडून वास घालवायचे. काय ती चोरी, साठीच्या बाईने, स्वतःच्या घरात! पण त्या भाजीला जी चव होती, ती समोर बसून खाल्ली असती तर आली नसती.

नुसतं वाईटच बोलायचं नाही. २०१७ला मला कावीळ झाली. तीन आठवडे मी अंथरुणावर होते आणि तुम्ही मेघाला वापीहून येऊ दिलं नाहीत. म्हणालात, "मी करीन." मुगाचं कढण, पडवळ, दुधी, सगळं वहीत बघून, चष्मा कपाळावर चढवून. मूग कधी कच्चे, कधी करपलेले. तिसऱ्या दिवशी पालेभाजी पिळून आलात आणि हात पुढे करून म्हणालात, "मनगटं भरून येतात गं." मी पडल्या पडल्या म्हटलं, "ग्रंथात आहे का तसं?" असं बोलणाऱ्या बायकोच्या तोंडात तुम्ही चमच्याने कढण घातलंत. तुमची नखं हिरवी होती. औषधाने, पथ्याने की आपसूक, मी कशाने बरी झाले मला माहीत नाही, पण तुमच्या हातचं खाऊन बरी झाले. हे तेव्हा बोलले नाही. आता बोलते आहे, आता त्याचा काय उपयोग!

पुढे ते धक्के सुरू झाले. डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली, लोक अंगणात अंथरुणं टाकून झोपायला लागले. तुम्हाला तर पर्वणीच. शेजाऱ्यांना जमवून तुम्ही भूगर्भ समजावत होता आणि एका दुपारी तुमच्याच घराने तुमचं ऐकलं नाही. मोठा हादरा आला, आत बरण्या फुटल्याचा आवाज झाला. मी अंगणात धावले, तुम्ही गॅस बंद करायला म्हणून उलटे आत गेलात. बऱ्याच वेळाने मी आत आले तेव्हा मोरावळा फरशीवर होता आणि डबे फळीवर जागच्या जागी होते. "मुळा सांडला होता," तुम्ही म्हणालात. "भरून ठेवला." मी म्हटलं, "बरं."

२०१९चा पावसाळा सरता सरता पोटातली गाठ निघाली. वलसाडला डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि शिवून टाकलं. घरी आणताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता पथ्य-बिथ्य काही नाही. जे मागतील ते द्या." तुम्ही काहीच मागितलं नाहीत. मुगाचं पाणी प्यायचात आणि वाडगा खाली ठेवताना मान हलवायचात, अजून वर्ग चालू असल्यासारखी.

मग त्या दिवशी, चारच्या सुमाराला, मी उशी सारखी करत होते तेव्हा म्हणालात, "शेवळं आहेत ना?"

"आता कुठली शेवळं? दिवस कुठले?"

"सुकवलेली. मुळ्याच्या डब्यामागे." थोडा दम घेतलात. "धक्क्यात तो डबाही पडला होता. मीच भरून ठेवला. कर ना आज, सुकट घालून. आईसारखी."

म्हणजे किती महिने तुम्हाला माहीत होतं. माझी चोरी तुम्ही फरशीवरून वेचून, डब्यात भरून, पुन्हा जागेवर ठेवलीत आणि एका शब्दाने बोलला नाहीत. कोणी शहाणी बाई असती तर तिथे रडली असती. मी चिडले. पकडली गेले म्हणून चिडले, तुम्ही मोठेपणा घेतलात म्हणून चिडले. पाच वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो समोर आला होता, तुम्ही तुमचा नियम मोडायला निघाला होता. मला तो क्षण साजरा करायचा होता. मी उठले, वही आणली, पान काढलं आणि तुम्हाला वाचून दाखवलं, "शुष्क शाक वर्ज्य. अपवाद, मुळा." आणि वर विचारलं, "मुळा करू का?"

तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग म्हणालात, "अक्षर बरं आहे नाही माझं?" आणि थोड्या वेळाने, "राहू दे."

मी ठरवलं, उद्या करू. एक दिवस मनाला लागू दे जरा. संध्याकाळी मी मूठभर शेवळं भिजत घातली, सुकट निवडली, काकडं नव्हती म्हणून आमसुलं काढून ठेवली. सकाळी तुम्हाला पाणीही गिळता येईना. चार दिवस तसेच गेले आणि पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. भिजलेली शेवळं तोवर आंबली होती. केळीच्या बुंध्याशी नेऊन ओतली.

परवा लखमी भेटायला आली. पडवीत बसली, डोळे पुसले आणि विचारलं, "मास्तर शेवळं खाऊन गेला ना गो? आवडायची त्याला."

"हो," मी म्हटलं.

"बरा झाला."

ती गेल्यावर माळ्यावरचा शेवटचा कोहळा खाली काढला. पाठीवर तुमचं अक्षर, 'मार्गशीर्षाआधी कापू नये'. धाकटे भावोजी पहिला वार घालायला येतो म्हणाले होते. मी त्यांची वाट पाहिली नाही. पहिला वार मीच घातला. काही झालं नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं आहे.

रविवारी त्या बाई येतील. वही छापतील, मागे तुमचा फोटो टाकतील आणि लिहितील, शेवटपर्यंत नियमाने राहिले. त्यांना मी खरं काही सांगणार नाही, ते ऐकायची त्यांची लायकी नाही. त्यांना कंठशुद्धी पुरे. पण वही तशीच देणार नाही, हे आता इथवर बोलता बोलता ठरलं. तुमचंच पेन घेतलं आहे. दोन रेघांसमोर, उजवीकडच्या कोऱ्या बाजूला, 'मुळा'च्या खाली, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिते आहे: 'आणि शेवळं. मागितली की त्याच दिवशी.'